शिलाईपेक्षा शर्ट स्वस्त

पुण्यात किंवा ठाण्यात आज एक साधा शर्ट शिवून घ्यायचा, तर टेलर नुसत्या शिलाईचे चारशे-पाचशे रुपये सांगतो. कापड आपलं, आणि शर्ट मिळणार आठ-दहा दिवसांनी. तेवढ्याच पैशांत, बऱ्याचदा त्याहून कमी पैशांत, समोरच्या वातानुकूलित दुकानात तयार शर्ट टांगलेला असतो. तो अंगात घालून बघता येतो, आवडला नाही तर परत टांगता येतो. चाळीस वर्षांपूर्वी हे गणित बरोबर उलटं होतं. कापड महाग, तयार कपडा त्याहून महाग, आणि सगळ्यांत स्वस्त काय, तर शिंप्याची मेहनत. एका पिढीच्या आत हा व्यवहार उलटापालटा झाला. तो कसा झाला आणि त्याचं बिल कुणाच्या नावावर फाटलं, हे नीट पाहिलं पाहिजे. कारण स्वस्त फॅशनबद्दल बोलताना आपल्याकडे दोनच सूर लागतात: एक कौतुकाचा, एक नाक मुरडण्याचा. दोन्ही सूर दुकानाच्या दाराशीच थांबतात.

सामान्य माणसाला परवडेल असं कापड देणं हे सरकारचं काम आहे, असं आपण बराच काळ मानत होतो. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, तेव्हा १९४३ मध्ये सुती कापड आणि सूत यांच्यावर नियंत्रणाचा हुकूम निघाला. स्वातंत्र्यानंतर १९६४ पासून गिरण्यांनी ठरावीक प्रमाणात ‘कंट्रोलचं कापड’ विणावं अशी योजना आली. धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल असे पाच प्रकार होते आणि दर सरकार ठरवी. गिरण्यांना त्यात तोटा होई, म्हणून त्या जमेल तितकं अंग चोरत. पुढे हा भार राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या आजारी गिरण्यांवर आणि जनता कापडाच्या रूपाने हातमागांवर सरकला. त्या कापडात स्वस्ताई होती, निवड नव्हती. दिवाळीला एकाच ताग्यातून घरातल्या सगळ्या भावंडांचे शर्ट-फ्रॉक निघत आणि तेही वाढत्या अंगाचे. आतल्या बाजूला दुमडून ठेवलेलं चार बोटं कापड दरवर्षी थोडं थोडं उसवत न्यायचं. गरिबाचा कपडा लांबून ओळखू यायचा. आपल्या आजच्या विषयाचं मूळ माझ्या मते तिथे आहे. स्वस्त कापड तेव्हाही होतं, पण ते स्वस्त असल्याचं अंगावर लिहिलेलं असे.

ही खूण पहिल्यांदा पुसली ती पॉलिस्टर आणि सुताच्या मिश्रणाने, टेरिकॉटने. त्यातलं पॉलिस्टर, म्हणजे टेरिलीन, सुरुवातीला चैनीचं मानलं जाई आणि सरकारही त्यावर चैनीसारखाच कर लावी. तरी त्याला इस्त्री लागत नाही, ते विटत नाही, पाच-सहा वर्षं टिकतं, हे कारकुनाला आणि शाळामास्तराला लगेच कळलं. आज पॉलिस्टरला घामट म्हणून हिणवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं की, ज्या घरात रोज धुणं-इस्त्री करायला बाईच्या दोन हातांशिवाय काही नव्हतं, तिथे टेरिकॉट ही मोठी सुटका होती.

मग १९८२ साल आलं. १८ जानेवारीला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. आणि त्याच सुमारास, गिरणगावापासून दोनेक तासांच्या अंतरावर, पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. संपाच्या काळात गिरण्यांचं कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेतलं गेलं. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी ही गावं त्याआधीपासून विणत होतीच. इचलकरंजीत तर विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आणला होता. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याकडे चैनीची वस्तू म्हणून पाहणं सोडलं. गिरणीतल्या कायम कामगाराचा पगार, बोनस, फंड या सगळ्यांतून कापड मोकळं झालं आणि स्वस्त झालं. इतिहासात हे सहसा दोन वेगळ्या प्रकरणांत येतं: एकात गिरणी कामगाराचा शेवट, दुसऱ्यात पॉलिस्टरचा उदय. घेणाऱ्याच्या दृष्टीने ती एकच गोष्ट आहे.

कापड स्वस्त झालं तरी कपडा स्वस्त व्हायला अजून वेळ होता, कारण तयार कपडे शिवण्याचा धंदा लघुउद्योगांसाठी राखीव होता. मोठा कारखाना काढून हजारो शर्ट एका साच्यात शिवायला देशातल्या बाजारासाठी मोकळीक नव्हती. हे आरक्षण २००० च्या वस्त्रोद्योग धोरणाने उठवलं. होजिअरीला, म्हणजे बनियन-टीशर्टच्या विणलेल्या मालाला, २००५ पर्यंत थांबावं लागलं. त्याच वर्षी, १ जानेवारीला, जगाच्या कापड व्यापारातली कोटा पद्धतही संपली. मधल्या काळात तयार कपड्याचा खरा बाजार फूटपाथवर होता. मुंबईतल्या आझाद मैदानाजवळच्या फॅशन स्ट्रीटवर, वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर, पुण्याच्या कॅम्पात, डेक्कनच्या हाँगकाँग लेनमध्ये ‘एक्सपोर्ट सरप्लस’ येई. परदेशी गिऱ्हाइकाने एखादं बटण वाकडं म्हणून नाकारलेला माल तो. कॉलर तपासायची, शिवण ओढून बघायची, आणि दुकानदार साडेतीनशे म्हणाला की शंभरावरून सुरुवात करायची. कॉलेजातल्या पोरांना जगाची फॅशन इथेच भेटली. तिकडे उल्हासनगरच्या कॅम्पांत, फाळणीनंतर वसलेल्या सिंधी कुटुंबांनी जीन्सचा असा धंदा उभा केला की निम्म्या महाराष्ट्राची पहिली जीन्स तिथली असावी, असं म्हणायला हरकत नाही. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या घाऊक पेठेतून गावोगावच्या आठवडी बाजारांत गठ्ठे जात.

या सगळ्या कथेत बायकांचा कपडा जवळजवळ विसरला जातो. मराठी घरात बाईच्या अंगावर पहिला तयार कपडा कोणता चढला? माझं उत्तर आहे: गाऊन. त्याला कुणी फॅशन म्हटलं नाही, उलट चेष्टाच झाली. पण मापाशिवाय, शिंप्याशिवाय, ब्लाउज-परकराच्या जोडीशिवाय, एका नोटेत येणारा तो पहिला कपडा होता आणि दुपारी बारानंतर गल्लीत तो सर्व जातींच्या, सर्व उत्पन्नांच्या घरांत सारखाच दिसे. त्यानंतर ड्रेस मटेरियल आलं. तरी शिंपी होताच, आणि बाही नीट बसली नाही म्हणून त्याच्याकडच्या फेऱ्याही होत्या. खरी मोकळीक तयार कुर्ती आणि लेगिंगने दिली. रेयॉनची कुर्ती जयपूर-सुरतेहून आली आणि ताणणारी लेगिंग तिरुप्पूरहून. ओढणी हळूहळू गळाली. नोकरीवर जाणाऱ्या मुलीला आठवड्याचे पाच जोड पगारातून घेता येऊ लागले, तेही घरच्या कुणाला न विचारता.

मोठ्या भांडवलाने या बाजाराकडे नीट पाहिलं ते एकविसाव्या शतकात. किशोर बियाणींनी २००१ मध्ये बिग बझार सुरू केलं. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात ते आलं, तेव्हा जिथे कापड विणलं जाई तिथेच तयार कपड्यांच्या राशी लागल्या. बियाणींना एक गोष्ट कळली होती: आपल्याकडचं मध्यमवर्गीय गिऱ्हाईक चकचकीत दुकानाला बिचकतं, म्हणून दुकानात थोडी गर्दी, थोडा गोंधळ मुद्दाम ठेवावा लागतो. २६ जानेवारी २००६ चा ‘सबसे सस्ता दिन’ त्या गोंधळाचा कळस होता. पवईला २००२ मध्ये डीमार्टचं पहिलं दुकान निघालं, तिथे डाळ-साबणाच्या जोडीला कपडेही मिळू लागले. महिन्याच्या किराण्याबरोबर पोराची चड्डी आणि नवऱ्याचा टी-शर्ट ट्रॉलीत पडू लागला. मॅक्स, रिलायन्स ट्रेंड्स, व्ही-मार्ट, विशाल मेगा मार्ट हे त्याच रांगेतले. बिग बझारचा पसारा कर्जात बुडाला आणि २०२२ मध्ये त्याची बरीच दुकानं रिलायन्सने ताब्यात घेतली. तो इतिहास इथे नको.

टाटांच्या झुडिओ या साखळीबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. टाटांनी १९९८ मध्ये लॅक्मेचा सौंदर्यप्रसाधनांचा धंदा हिंदुस्थान लिव्हरला विकला आणि त्या पैशांतून ट्रेंट ही कंपनी उभी राहून वेस्टसाइडची दुकानं निघाली. २०१० मध्ये याच ट्रेंटच्या भागीदारीत स्पेनची झारा भारतात आली. डिझाइन ते दुकान हे अंतर काही आठवड्यांवर आणण्याची झाराची पद्धत ट्रेंटला शेजारी बसून पाहायला मिळाली. २०१६ च्या सुमारास सुरू झालेल्या झुडिओने ती पद्धत हजार रुपयांच्या आतल्या भावात बसवली. स्वतःचाच माल, बाहेरचा ब्रँड जवळपास नाही, ऑनलाइन विक्री नाही, वर्तमानपत्रात पान-पानभर जाहिराती नाहीत. मार्च २०२५ अखेर अशी ७६५ दुकानं झाली होती, त्यांतली दोन अमिरातींत. स्पर्धक बघत बसले नाहीत: रिलायन्सने यूस्टा आणि शॉपर्स स्टॉपने इनट्यून काढलं.

किमतीपलीकडे या दुकानांनी काय दिलं, ते जुन्या कापड दुकानाशी ताडून पाहावं. तिथे गादी होती, चहा होता, आपुलकीही होती. पण मालकाने गिऱ्हाइकाच्या चपलेकडे पाहून कोणत्या फळीवरचा माल काढायचा हे ठरवलेलं असे. ‘बजेट काय?’ हा प्रश्न पहिला. इथे कुणी विचारत नाही. घरकाम करणारी बाई आणि तिच्या मालकिणीची मुलगी एकाच रांगेत ट्रायल रूमसाठी उभ्या असतात. आतल्या पूर्ण उंचीच्या आरशापुढे पाच कपडे घालून पाहायचे आणि काहीच न घेता बाहेर पडायचं, याची लाज वाटत नाही. हे सुख पैसेवाल्यांना कायमच होतं, म्हणून त्यांच्या लिखाणात त्याचं मोल दिसत नाही.

ज्यांना या दारातूनही आत जावंसं वाटत नाही, त्यांच्याकडे फोन गेला. २०१५ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या मीशोने आधी व्हॉट्सॲपवर साड्या विकणाऱ्या गृहिणींना हाताशी धरलं, मग थेट गिऱ्हाइकाला. सुरतेची साडी अडीचशे-तीनशे रुपयांत, पैसे दारात पार्सल आल्यावर. फोटोतली साडी आणि हातातली साडी यांचं नातं दूरचं असतं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. नाही आवडली तर परत. दारातूनच, पार्सल न घेता परत पाठवलेल्या मालाला धंद्यात ‘आरटीओ’ म्हणतात. कसाही परत गेला, तरी त्याचा फटका विकणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला बसतो. पैठणीही अशीच स्वस्त झाली. येवल्याच्या हातमागावरची पैठणी हजारोंच्या घरात, म्हणून सेमी-पैठणी आली, आणि मग पदरावरचे मोर नुसते छापलेली. विणकराला हे लागतं, आणि ते रास्तच आहे. पण मंगळागौरीला मोरांचा पदर मिरवण्याची हौस फक्त ज्यांच्या कपाटात अस्सल आहे त्यांचीच असावी, असं म्हणणं मला जमत नाही.

आता भाव एवढा खाली कसा राहतो ते पाहू. कपड्याच्या कारखानदारी खर्चात निम्म्याहून अधिक वाटा सहसा कापडाचाच असतो. त्यामुळे पहिली कात्री तिथे लागते: कापड पातळ करायचं, सुतात पॉलिस्टर मिसळायचं. दुसरी कात्री शिवणींच्या संख्येवर. गेली काही वर्षं अंगापेक्षा मोठे, खांदा उतरलेले टी-शर्ट चालले आहेत. ती तरुणांची आवड आहेच, पण खांदा उतरला की बाही सपाट जोडता येते आणि शिलाई सोपी होते. कपडा ढगळ असला की मापं कमी ठेवून भागतं. चेनऐवजी इलॅस्टिक, खिसा असल्याचं नुसतं सोंग, अस्तर गायब, काज-बटणांऐवजी डोक्यातून घालायचा गळा या सगळ्यांत मिनिटं वाचतात. आपण ज्याला चाल म्हणतो ती बरीचशी कटिंग मास्टरच्या टेबलावर ठरलेली असते. मापांचा घोळही इथलाच. भारतीय अंगाची स्वतःची मापंच आपल्याकडे नव्हती. म्हणून निफ्ट या फॅशन-शिक्षण संस्थेने मुंबईसह सहा शहरांत हजारो माणसांची अंगं त्रिमिती यंत्राने मोजण्याचा इंडियासाइज हा प्रकल्प हाती घेतला. तोवर इथला एम तिथला एल होत राहिला आणि नाक्यावरचा टेलर पँट छोट्या करून देत जगला. नवा कपडा शिवायला त्याच्याकडे येणारे आता मुख्यतः दोन प्रकारचे: ज्यांच्या मापाचं काही मिळत नाही ते, आणि ज्यांना चैन परवडते ते.

तिसरी कात्री माणसांवर. धारावीच्या माळ्यांवर, उल्हासनगरच्या गाळ्यांत, भिवंडीत, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर पीस रेटवर शिवतात. दर नगाचा, तासांचा नाही. काम आलं की चौदा तास, नाही आलं की गावाचं तिकीट. हा माल अनेक हातांतून, जॉबवर्कच्या साखळीतून फिरतो, त्यामुळे शेवटच्या गाळ्यात कोण बसलं आहे हे दुकानाला माहीत नसतं, किंवा माहीत नसलेलं सोयीचं असतं.

चौथी नदीवर. तिरुप्पूरच्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदी इतकी नासवली की जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते बंद करायला लावले. तेव्हापासून तिथे सांडपाणी बाहेर न सोडण्याची महागडी यंत्रणा आली. उल्हासनगरला जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं निळं पाणी वालधुनीत जाई. कारवाई झाली, कारखाने बंद पडले, काही आजूबाजूला सरकले. जीन्सला फिकट, वापरल्यासारखी छटा देण्यासाठी ते पाणी लागतं.

आणि शेतकरी? एक ढोबळ हिशोब मांडून पाहावा. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते. शुद्ध सुती शर्टाला पाव किलो रुई धरली, तर त्यामागे सुमारे पाऊण किलो कापूस येतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या दराने एका शर्टातला कापूस साठ रुपयांचा. सरकीचे पैसे वजा केले तर त्याहून कमी. हमीभाव पाचव्या हिश्शाने वाढला, तरी शर्टामागे बाराच रुपये वाढतात. कापडाचे भाव भडकतील म्हणून कापसाचा भाव वाढवू नका, हे जे नेहमी सांगितलं जातं, त्यात किती दम आहे ते या बारा रुपयांवरून दिसतं. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढून टाकलं गेलं, नेमकं यवतमाळ-अकोल्याचा कापूस वेचणीला यायच्या आधी. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून कपड्यांवरच्या पाच टक्के जीएसटीची मर्यादा हजारावरून अडीच हजार रुपयांपर्यंत गेली आणि कृत्रिम तंतूंवरचा कर अठरावरून पाचावर आला. गिऱ्हाइकाला यात फायदाच आहे. पण पॉलिस्टरचं पारडं आणखी जड होणार. जगातल्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून अधिक आधीच पॉलिस्टर आहे.

याचा परिणाम कपडा जुना झाल्यावर कळतो. सुती साडीची गोधडी होई, मग बाळाची दुपटी, मग फरशीचं फडकं. धडके कपडे बोहारणीकडे जात आणि घरात पातेलं येई. ते कपडे दुरुस्त होऊन पुन्हा गरिबाच्या अंगावर चढत. हा फिरता बाजार मुकाट्याने चाले आणि त्याला कुणी पर्यावरण म्हणत नसे. मिश्र धाग्याचा टी-शर्ट पाणी नीट शोषत नाही, गोधडीत शिरत नाही, आणि त्यातलं सूत-पॉलिस्टर वेगळं करणं सोपं नाही. नवा टी-शर्ट दोनशे रुपयांत मिळत असताना बोहारणीचा दुरुस्त केलेला शर्ट घेणार कोण? जगाच्या चिंध्यांतून लोकरी कांबळी करणाऱ्या पानिपतच्या धंद्यालाही पॉलिस्टरच्या मऊ ब्लँकेटांनी असंच गाठलं.

मग घेणाऱ्याने घेऊ नये का? ‘कमी घ्या, चांगलं घ्या’ हा उपदेश वर्षानुवर्षं एकाच जोडावर काढलेल्या माणसाला करणं मला अश्लील वाटतं. त्याने आत्ता कुठे दुसरा जोड घेतला आहे. दोष गिऱ्हाइकाच्या पिशवीत शोधण्यात वेळ जातो आणि दर ठरतात ती खोली रिकामी राहते. ढाक्याजवळ सावरला २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसं मेली. त्यानंतर दोनशेहून अधिक परदेशी ब्रँडांना इमारतींच्या सुरक्षेचा कायदेशीर करार करावा लागला. तो कुणाच्या विवेकबुद्धीवर सोडलेला नव्हता. आपल्याकडेही निर्यातीचा माल शिवणाऱ्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकाचा तपासनीस कधीतरी येतो, संडास आणि आगीचा जिना तरी पाहून जातो. देशी बाजाराच्या टी-शर्टासाठी असा कुणीच येत नाही. बांगलादेशातून आपल्या दुकानांत येणाऱ्या मालाबाबत आपण बंदर कोणतं असावं एवढं मात्र ठरवलं: मे २०२५ पासून जमिनीवरच्या नाक्यांऐवजी फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता.

इथे मोठ्या साखळ्यांचा एक न बोललेला गुण आहे. फॅशन स्ट्रीटवरच्या टी-शर्टला पत्ता नव्हता. तो कुठून आला हे विकणाऱ्यालाही सांगता येत नसे. एकच खरेदीखातं शेकडो दुकानांसाठी लाखो नग उचलतं, तेव्हा प्रत्येक नगाचा पुरवठादार तरी नोंदलेला असतो, कारण पैसे त्या नोंदीवरच सुटतात. ती यादी मागता येते, आणि तिथून पुढची जॉबवर्कची साखळीही. पीस रेटचा किमान दर आणि सांडपाण्याचा दाखला त्या यादीला जोडायला सरकार भाग पाडू शकतं, तेही सगळ्या साखळ्यांना एकाच दिवशी, म्हणजे किंमत आधी कुणी वाढवायची हा प्रश्न उरत नाही. कामगार संघटनांनी अजून या दुकानांच्या दारात मोर्चा नेलेला फारसा दिसत नाही. गिरणीच्या दारात तो कसा न्यायचा हे मात्र मुंबईला चांगलं माहीत होतं.